मोजून न घेतलेला चार्ज

पिंपळपाणी, ता. चोपडा
२ जून २०२५

सर, नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुम्हाला ऐकू येत नाही, मग तुमच्या सूनबाई माझं एकेक वाक्य तुमच्या कानात ओरडून सांगतात आणि अर्ध्या सोनगीरला माझी हकीकत कळते. म्हणून पत्र. पाकीट आणायला चोपड्याला जावं लागलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, आमचे सर बहिरे आहेत. राग मानू नका.

बातमी अशी की माझी सुटका होणार आहे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला आणि संस्थेने आपल्या आश्रमशाळेला आठ वर्षांनी कायमचे मुख्याध्यापक दिले. भूषण त्यांचं नाव, धुळ्याचे, वय असेल चौतीस-पस्तीस. शाळा सोळाला उघडेल तेव्हा हजर होतील. मी त्यांना चार्ज द्यायचा, त्यांनी चार्ज मिळाल्याची सही करायची, ती सही संस्थेत पोचली की मी कार्यमुक्त. सही नाही तर सुटका नाही, असं सचिवांनी स्पष्ट लिहिलं आहे.

आई मार्चमध्ये मोरीत पडली हे तुम्हाला कळवलंच होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून दारापर्यंत जाते. बोदवडला शेजारच्या कोकिळावहिनी दोन्ही वेळा येऊन तिचं बघतात म्हणून मी इथे राहू शकते. पण त्या दहा ऑगस्टला लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतला जाणार आहेत. मला ना भाऊ ना बहीण. दहा ऑगस्टच्या आत मला बोदवडला पोचायलाच हवं.

खरं सांगते सर, मी थकले आहे. आठ वर्षं मी 'प्रभारी'. तीनशे मुलामुलींचं जेवण, ताप, गळती, भांडणं, बंद पडलेला पंप, रजेवर गेलेला अधीक्षक, सगळं माझ्याकडे, आणि सहीखाली मात्र कायम 'प्रभारी'. तुम्ही निवृत्त होताना संस्थेला माझं नाव सुचवलंत. रोहिदास सर माझ्याहून दोन वर्षांनी वरचे होते, तरी मला निवडलंत. त्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आठवतं? पण मला त्या एका गोष्टीचा फार आधार झाला. फार वैताग आला की मी मनात म्हणायची, सरांनी काहीतरी बघूनच तुला निवडलंय, ऊठ. आई तर अजूनही येईल त्याला सांगते, "सरांनी माह्या पोरीलेच निवडलं."

आता एक काम. आपल्या स्वयंपाकीण मंदाबाईंनी परवा मला अडवलं. मी त्यांना सांगत होते की आता चार्ज देऊन टाकणार. तर म्हणाल्या, "बाई, मोबाईलले चार्ज दिधा का तो ताजा व्हस. तुमले चार्ज दिधा आन तुम्ही थकी गयात. हाई कसं काय?"

पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून मला 'चार्ज' सांगता येईना. तुमचा तो जाडा शब्दकोश उघडा आणि कळवा. तुम्हाला तेवढाच उद्योग.

तुमची
हेमलता

◆

सोनगीर, जि. धुळे
९ जून २०२५

चिरंजीव हेमलता,

बहिरा म्हणालीस ते सोडून दिलं, कारण प्रश्न झकास विचारला आहेस. म्हणजे तू नाही, मंदाबाईंनी. तू नुसती हमाली केलीस, आणि गंमत म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

ऐक. फार पूर्वी गॉल नावाच्या मुलखातले लोक मालाची चाकाची गाडी वापरत. रोमन लोकांनी त्यांची गाडीही उचलली आणि शब्दही. लॅटिनमध्ये तो झाला 'कार्रुस'. त्यावरून 'कार्रिकारे', म्हणजे गाडीत माल भरणे. फ्रेंच लोकांनी त्याचं 'शार्जे' केलं, इंग्रजांनी 'चार्ज'. तेव्हा चार्ज म्हणजे मुळात गाडीवर लादलेलं ओझं. आपल्या सरकारी मराठीत 'पदभार' म्हणतात, तो भार म्हणजे शब्दशः बरोबर आहे. ज्याने कोणी हा शब्द बसवला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याच घराण्यातली बाकीची मंडळीही तुझ्या ओळखीची आहेत. कार, कॅरी, कार्गो. पोरं ज्याच्यासाठी पुण्याला पळतात ते करिअरसुद्धा मूळची गाडीवाट. व्यंगचित्राला इंग्रजीत कॅरिकेचर म्हणतात, तेही यातलंच, नाकावर जरा जास्तीचं ओझं लादलं की झालं. आणि दवाखान्यातून तुझ्या आईला दिला तो डिस्चार्ज म्हणजे गाडी खाली करणे.

मोबाईलचं असं की आधी बंदुकीत दारू भरत, त्याला चार्ज म्हणत. पुढे वीज भरायला लागले, शब्द तोच राहिला. तेव्हा मंदाबाईंना सांग, तुझ्यात आणि मोबाईलमध्ये दोघांतही मालच भरला आहे. पण मोबाईल दिवसभर तो खर्च करतो आणि रात्री रिकामा होतो. तुझी गाडी आठ वर्षं कोणी खाली केली नाही, वर रोज दोन पोती चढली. हे मी हसत लिहितोय, पण तुझी दमणूक मला कळते. मी एकवीस वर्षं तीच गाडी ओढली.

भूषणला चार्ज देताना आपल्या रीतीप्रमाणे दे. ताटात किल्ल्यांचं जुडगं, त्याला हळदकुंकू, शेजारी नारळ. नव्याने जुडगं उचलून कपाळाला लावायचं, यादीवर सही करायची, मग मंदाबाईंची वरणबट्टी आणि वांग्याची भाजी. दहा मिनिटांचं काम. यादी वाचत बसायची आपल्याकडे पद्धत नाही, वडीलधाऱ्याने दिलेलं मोजून घेणं बरं दिसत नाही. उखर्डू गुरुजींनी मला असाच दिला, मी तुला असाच दिला. पंधरा दिवसांत तू बोदवडला असशील.

आईला माझा नमस्कार सांग.

लीलाधर

◆

पिंपळपाणी
२३ जून २०२५

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मंदाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग मोबाईल बरा शे. तेनं वझं सांजले उतरी जास." आणि बट्ट्या वळायला निघून गेल्या.

पण सर, दहा मिनिटांचं काम झालं नाही. आज आठवा दिवस आहे.

भूषण सर सोळाला आले. मुलगा चांगला आहे, वाकून नमस्कार केला. ताट पुढे केलं तर जुडगं कपाळाला लावलं आणि परत ताटात ठेवलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मोजून घेतो." सगळा स्टाफ उभा होता. मला कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी म्हटलं, घ्या मोजून, आमच्याकडे तशी पद्धत नाही, पण घ्या. ते म्हणाले, "माझ्या आधीच्या शाळेत मी मोजलं नव्हतं. अजून जबाब देतोय."

आणि त्यांनी खरंच मोजलं. मोबाईलवर फोटो काढत, वर्गावर्गातून, वसतिगृहातून, एकेक ताट, एकेक पलंग. मी मागे मागे यादी घेऊन. तीन दिवस सगळं बरोबर निघालं, मला जरा उभारीही आली. चौथ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीची किल्ली मागितली.

ती खोली मी कधी उघडली नव्हती. चार्ज देताना तुम्हीच सांगितलं होतं, छत खचलंय, विंचू आहेत, पोरांना तिकडे फिरकू देऊ नकोस, राहिलेलं सामान सगळं आत सुखरूप आहे. मी आठ वर्षं पोरांना फिरकू दिलं नाही आणि स्वतःही फिरकले नाही. कुलूप गंजलं होतं, तोडावं लागलं. आत दोन मोडके बाक आणि वाळलेल्या पाल्याचा ढीग. बाकी काही नाही, सर.

यादीत त्या खोलीत लिहिलेलं सामान असं: हार्मोनियम एक, पितळेची मोठी पातेली दोन, ब्लँकेट चाळीस, सूक्ष्मदर्शक दोन, भिंतीवरचे नकाशे चौदा. माझ्या सहीने घेतलेलं. आणि दर मार्चला 'प्रत्यक्ष पडताळणी केली' असं लिहून त्याखाली माझीच सही, आठ वेळा. भूषण सरांनी विचारलं, "मॅडम, पडताळणी कशी केली होती?" काय सांगणार? तुमच्या अक्षरातली यादी होती, तिच्यावर शंका घ्यायचं मला कधी सुचलंच नाही.

ते सही करायला तयार नाहीत. त्यांच्या जागी मीही केली नसती, आता असं वाटतं.

तुम्हाला काही आठवतं का? कोणाला दिलं असेल, दुसऱ्या शाखेत पाठवलं असेल, काही कागद झाला असेल. आठवून लवकर कळवा. कोकिळावहिनींनी तिकीट काढलं आहे.

हेमलता

◆

सोनगीर
३ जुलै २०२५

चि. हेमलता,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, डोळ्यांत पाणी येतं हल्ली, लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात.

हल्लीची मुलं फार मोजतात. त्यांचं चुकतं असं नाही. पण तू एवढी घाबरू नकोस. इतक्या वर्षांत वस्तू इकडच्या तिकडे होतातच. उंदीर, वाळवी, गॅदरिंग, पाहुणे. एकदा रोहिदासने विज्ञान प्रदर्शनाला काही सामान नेलं होतं, त्याला विचारून बघ. तो सावद्याला असतो, निवृत्त होऊन केळी बघतो.

तुझ्या शब्दाचं राहिलेलं सांगतो. चार्जशीट. एखाद्यावर आरोप ठेवणं म्हणजेही चार्ज. ज्याच्या डोक्यावर ठेवलं त्याने ते वाहायचं, खरं असो वा नसो, खाली उतरवून घेणारा भेटेपर्यंत. लाठीचार्जचं जरा निराळं आहे. काहींच्या मते आधी हत्यार सज्ज करण्याला चार्ज म्हणत, मग ते घेऊन चाल करून जाण्यालाच म्हणू लागले. आणखी एक अर्थ मला फार आवडतो. सांभाळायला सोपवलेल्या माणसालाही इंग्रजीत चार्ज म्हणतात. दाईच्या मांडीवरचं मूल हा तिचा चार्ज. त्या हिशोबाने तुझी आई तुझा चार्ज आहे, आणि तो चार्ज घेताना कोणी यादी मागत नाही.

भूषणला म्हणावं, वस्तू जुन्या होत्या, त्या यादीतून कमी करायचा, निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा राहून गेला असं लिही. संस्था मान्य करेल. मी सचिवांना ओळखतो. त्यांनाही एक पत्र टाकीन म्हणतो, बघू.

आईला जप.

लीलाधर

◆

पिंपळपाणी
१६ जुलै २०२५

सर,

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, रोहिदास सरांच्या ओळीखाली, तुम्ही एक ओळ खोडली आहे. चांगली गिरवून खोडली आहे. पण तुमच्या पेनाने कागदावर वळ उठतात, मुलांच्या वह्या तपासायचात तेव्हाही उठायचे. मी कागद खिडकीशी धरला. तिथे लिहिलंय, 'हार्मोनियम तर मी स्वतःही कधी'. पुढे तुम्ही थांबलात.

मी रोहिदास सरांना फोन केला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं फोन ठेवून देतील. पण ते नीट बोलले, आईची चौकशी केली. प्रदर्शनाला फक्त त्यांचा स्वतःचा भिंगाचा डबा नेला होता म्हणाले. मग म्हणाले, "हेमलताबाई, तुम्हाला खरंच माहीत नाही? सरांनी आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, घेतो, पण प्रयोगशाळेपासून मागच्या खोलीपर्यंत सगळं मोजून घेईन. सर हसले, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी तुमचं नाव गेलं. मी तुमच्यावर रागावलो होतो ते त्यासाठी. मला वाटायचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

रोहिदास सर शनिवारी शनिवारी परीक्षानळ्या मोजायचे, त्यावरून आपण सगळे त्यांना हसायचो. तुम्हीही हसायचात.

मी फोन ठेवला आणि ऑफिसात बसून राहिले. भूषण सर आत आले, माझं तोंड बघून बाहेर गेले.

सर, मी तुम्हाला उलट कधी बोलले नाही. एकोणिसशे नव्व्याण्णव साली एसटीतून उतरले तेव्हा मला धड भिल्लांची बोली येत नव्हती, रात्री रडायची. तुमच्या घरून डबा यायचा. तुम्ही मला शिकवायला शिकवलंत. पण मला चार वाक्यांत खरं सांगा. ते सामान होतं का? नव्हतं तर तुम्हाला माहीत होतं का? आणि रोहिदास सर म्हणतात ते खरं का?

शब्दाबद्दल काही लिहू नका.

संस्थेचं पत्र आलं आहे, खुलासा द्या, तोपर्यंत कार्यमुक्त करता येणार नाही. काल आईने फोनवर विचारलं, "कधी येशील वं?" मी म्हटलं लवकर. दहा ऑगस्टला पंचवीस दिवस राहिले. त्यानंतर तिला मोरीपर्यंत धरून न्यायला कोणी नाही.

हेमलता

◆

सोनगीर
२५ जुलै २०२५

हेमलता,

चार वाक्यांत जमणार नाही, पण लांबवणार नाही.

हार्मोनियम मी कधी पाहिली नाही. मला चार्ज मिळाला शहाण्णव साली, उखर्डू गुरुजींकडून. किल्ल्या कपाळाला लावल्या आणि सही केली. महिन्याभराने गॅदरिंगसाठी हार्मोनियम शोधली तेव्हा कळलं की ती नाहीच, सूक्ष्मदर्शकही नाहीत. गुरुजींना विचारायला त्यांच्या गावी गेलो. त्यांना पंधरा दिवसांपूर्वीच अर्धांगाचा झटका आला होता. एका बाजूने तोंड वाकडं, डोळ्यांनी मला ओळखलं, हात उचलायचा प्रयत्न केला. त्यांच्या बायकोने चहा दिला. चहा पिऊन परत आलो. विचारायची हिंमत झाली नाही. पुढे गुरुजी गेले. त्यांच्याही आधीपासून ती हार्मोनियम नुसती कागदावर होती की काय, हे मला आजही माहीत नाही.

पातेली माझ्या काळातली. तडकली, मोडीत घातली, कागद केला नाही. ब्लँकेट कसर लागून गेली, मीच जाळायला लावली. नकाशे फाटले. तेव्हाच लिहून टाकलं असतं तर काही झालं नसतं. पण हे लिहायला गेलं की ते हार्मोनियमचं निघणार, आणि मी इतकी वर्षं खोट्या सह्या केल्या हे निघणार. म्हणून सगळं मागच्या खोलीत आहे असं लिहीत गेलो. खोलीत विंचू नव्हते. छतही ठीक होतं.

रोहिदास म्हणतो ते खरं आहे. तो मोजणार होता. तू मोजणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

तू चांगली शिक्षिका होतीस, तुला शाळा सांभाळता आली असती, हेही तेव्हा मनात होतं, आणि तू सांभाळलीसही. पण खरं विचारलं आहेस तर खरं हे की नाव लिहिताना माझ्या डोक्यात खोली होती. मला लाज वाटते. गेला दीड महिना तुला शब्दांच्या गोष्टी सांगत बसलो, त्याचीही वाटते.

सोबत निवेदन जोडलं आहे. सगळं सालवार लिहिलं आहे, मुलाने टाईप केलं, मी सही केली. त्याला हे सगळं पहिल्यांदाच कळलं, दोन दिवस नीट बोलत नाही. निवेदन भूषणला दे, संस्थेला दे. मला जळगावला बोलावतील तर मी येईन. माझ्याकडे बघून थांबू नकोस.

लीलाधर

◆

बोदवड, जि. जळगाव
९ ऑगस्ट २०२५

सर,

मी काल बोदवडला आले. कोकिळावहिनी उद्या निघतात. आईला मोरीपर्यंत कसं न्यायचं, कुठला हात धरायचा, ते त्यांनी मला आज दोनदा दाखवलं.

तुमचं निवेदन मी जोडलं. जोडू की नको असं तीन दिवस चाललं होतं, हे लपवत नाही. मंदाबाई म्हणाल्या, "बठ्ठा कागद दी टाका बाई, घर जा." मग सगळेच कागद दिले, आणि निवेदनामागे मी माझा खुलासाही जोडला. मी मोजून घेतलं नाही, आणि आठ वर्षं न बघता पडताळणीची सही केली, असं स्वच्छ लिहिलं. तेवढं माझं आहे, ते तुमच्यावर टाकलं नाही. भूषण सरांनी यादीत पाच वस्तूंपुढे 'नाही' लिहिलं आणि उरलेल्यावर सही केली. चौकशी होईल, सप्टेंबरात तुम्हाला-मला दोघांनाही जळगावला बोलावतील असं सचिव म्हणाले. पण मला अडवणार नाहीत.

निघताना ताट केलं नाही. किल्ल्या मी भूषण सरांच्या हातात दिल्या, त्यांनी त्याही मोजल्या. तेवीस होत्या. मंदाबाईंनी बट्ट्या बांधून दिल्या, त्या मी एसटीत खाल्ल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण मी झोपून गेले.

आता एकच लिहायचं आहे. मी मोजणार नाही म्हणून तुम्ही मला निवडलंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते फार लागलं. मग दोन दिवसांनी दुसरंच लागायला लागलं.

तुम्ही जर तेव्हा मला त्या खोलीत नेलं असतं, दार उघडून दाखवलं असतं की बघ, इथे काही नाही, गुरुजींच्या वेळेपासून नाही, आणि मला आता निवृत्त व्हायचंय, तर मी सही केली असती. सगळं बघून केली असती. दर मार्चलाही केली असती, आणि आज खुलासा लिहायची वेळ आली असती तर तुमचं नाव घेतलं नसतं. ते चूकच झालं असतं, पण मी केलं असतं. अठरा वर्षं एका अंगणात राहून मी मोजणार नाही एवढं तुम्हाला कळलं, आणि हे कळलं नाही. तुम्हाला मला फसवायची गरज नव्हती, सर. मागितलं असतंत तरी मिळालं असतं.

चौकशीला तुम्ही याल तेव्हा मुलाला बरोबर आणा, एकट्याने येऊ नका. माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवीन. पण दिवाळीपर्यंत मला पत्र पाठवू नका. दिवाळीनंतर मीच लिहीन.

हेमलता